पन्हळीखालचं पिंप

मुरबे गावाहून होणाऱ्या सुनेची, रूपलची, माणसं लग्नाची तारीख काढायला चारच्या सुमारास खाडी ओलांडून यायची होती. पुष्पलतेने सकाळपासून ओटा धुतला, पुसला, परत धुतला. तरी तिला तो मळकाच दिसत होता.

"आई, झिजंल तो आता," उत्कर्षा आतून म्हणाली.

"झिजू दे. रूपलची आत्या डोळ्यांत तेल घालून बगनारी हाय."

लेक बोईसरहून आदल्या दिवशीच माहेरी आली होती. आल्यापासून तिने मनीषच्या, आपल्या भावाच्या, लग्नाचा सगळा बेत हातात घेतला होता. थर्माकोलची ताटं नाहीत, पाण्याच्या बाटल्या नाहीत, प्लास्टिकचे ग्लास नाहीत. मंडळाची स्टीलची भांडी, केळीची पानं, आणि उष्टं-खरकटं वेगळ्या टोपल्यांत. पुष्पलतेच्या नवऱ्याला, भगवंताला, हे लगेच पटलं होतं. गेल्या साली गावातल्या एका हळदीनंतर त्याच्या जाळ्यात बोंबील कमी आणि ग्लास जास्त आले होते. पुष्पलतेनेही हो म्हटलं होतं, पण तोंडदेखलं. मुरब्याची माणसं याला काटकसर म्हणणार नाहीत, कद्रूपणा म्हणतील, ही धाकधूक तिच्या मनातून जात नव्हती.

"एक दिवस बाटलीचा पानी दिला तर काय बिगडंल गो?"

"तो एक दिवस बाबांच्या जाळ्यात वरीसभर निगतो."

"बोईसरला राहून लय शानी झालीस."

"शानी असते तर रूपलच्या आत्येला मी पन घाबरले असते."

पुष्पलता हसली. मग हसल्याचा राग येऊन पुन्हा ओट्याकडे वळली. तेवढ्यात अक्षय आला. रात्रपाळी करून, थोडी झोप काढून तो बोईसरहून निघाला होता. जावई आला म्हणून तिने पदर सावरला.

"या. पाय धुवा मागं. चा टाकते."

"बसा तुम्ही मामी, मी धुतो," असं म्हणत तो मागच्या पडवीत गेला.

चहा उकळला, गाळला, निवला. तो काही परत आला नाही.

* * *

मागच्या पडवीत नारळाखाली जाळ्यांचा ढीग होता, आणि पन्हळीच्या तोंडाखाली त्यानेच आणून दिलेलं ते निळं पिंप उभं होतं. झाकणावर दगड. अक्षयला वाटलं, आत नळाचं पाणी भरून ठेवलं असेल. पाय धुवायला तांब्याभर घ्यावं म्हणून त्याने दगड उतरवला, झाकण उचललं, आणि तो तसाच उभा राहिला.

आत घोळ माशाचे मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात बुडालेले होते. खाराचा वास त्याला आता ओळखीचा झाला होता. खानदेशातून येऊन कोळ्यांच्या घरात पडल्यावर पहिले सहा महिने त्याला तो सोसत नव्हता, पुढे सवय झाली. पण या वासाच्या तळाशी दुसरा एक वास होता, आणि तो त्याला सासुरवाडीच्याही आधीपासून, केमिकलच्या कारखान्यातून माहीत होता. त्याने झाकण उलटं केलं. आतल्या कडेला पिवळा वळसा धरलेला होता. असला पिवळा रंग त्याच्या नखांतून पाळी संपल्यावरही जात नसे.

"उत्कर्षा," त्याने हाक मारली. आवाज मोठा केला नाही. "इकडे ये जरा."

ती हात पुसत आली.

"यात हे काय आहे?"

"आजीनं खारवलंय. तिची सिमेंटची टाकी तडकली ना."

"या ड्रममध्ये?"

"रिकामाच होता म्हणून..." एवढं बोलून ती थांबली. नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला होता.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"पागोळीच्या पाण्याला. अंगण धुवायला."

"फक्त अंगण धुवायला. खाण्यापिण्याचं यात काही नको, हे सांगितलं होतंस का घरी?"

उत्कर्षेने नकारार्थी मान हलवली. पिंप तिनेच आणवलं होतं. बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या मागे भंगारवाल्याकडे निळ्या पिंपांची रांग असते. नवं कशाला घ्यायचं, चांगलं पिंप फुकट कुजत पडतं, पावसाचं पाणी वाहून जातं, असं म्हणत ती अक्षयच्या मागे लागली होती. भंगारवाला म्हणाला, "साबुन का है भैया, धो डालो." अक्षयने विश्वास ठेवला नव्हता, पण जास्त विचारलंही नव्हतं. बायकोची हौस होती आणि अंगणच तर धुवायचं होतं.

"इथं सातपाटीला आणलं तेव्हा आजीनं विचारलं, कुठचा हाय," उत्कर्षा हळूच म्हणाली. "मी म्हटलं, बाजारातून. कंपनीचा म्हटलं असतं तर बाबांनी दारातूनच परत पाठवला असता. तुला ठाऊक आहेत ते."

"आणि हा पिवळा डाग? आजीला दिसला नाही?"

"घोळीला ती हळद लावते."

अक्षयने झाकण परत ठेवलं. वर दगड ठेवला.

"यात काय होतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही. तीच तर भीती आहे. माहीत असतं तर सांगितलं असतं, इतकं घातक, इतकं नाही. आमच्याकडे असला ड्रम फोडून वेगळा पाठवायचा नियम आहे. तरी कुठून कुठून बाहेर येतात. खाल्लं का कोणी?"

उत्कर्षेने पडवीच्या दाराकडे पाहिलं. दारात तिची आई उभी होती, हातात चहाचा कप, आणि कपावर साय आलेली.

"काय खाल्लंय?" पुष्पलतेने विचारलं.

* * *

भगवंताला आत बोलावून सांगावं लागलं. तो जेट्टीवरून नुकताच आला होता आणि स्वच्छ सदरा घालत होता. सगळं ऐकेपर्यंत त्याच्या सदऱ्याची बटणं अर्धीच लागली.

"कंपनीचा," तो म्हणाला. "माज्या घरात. कंपनीचा पिंप."

"बाबा, माझी चूक हाय."

"तुजी नाय तर काय माजी?"

"मामा, आणला मी," अक्षय म्हणाला. "तिला एकटीला बोलू नका."

"तुमाला बोलायला तोंड फिरत नाय म्हनून तिला बोलतो, अक्षयराव."

या सगळ्यात साखरबाई भिंतीला टेकून बसली होती. भगवंताची आई. गुडघे पोटाशी, नजर जमिनीवर. घोळ तिनेच कापली होती, मीठ तिनेच चोळलं होतं. रिकामं भांडं पावसाची वाट बघत उभं राहिलेलं तिला बघवलं नव्हतं. राख आणि चिंच लावून तिने ते आतून घासलं, उन्हात ठेवलं, आणि भरलं. कोणाला विचारायची तिला गरज वाटली नव्हती. या घरात खारवायचं काम तिला कोणी शिकवायचं नव्हतं.

"मुरब्याला घोळ किती दिलीत?" अक्षयने विचारलं.

या घरची रीत अशी की, सोयरीक ठरली की मोसमातली पहिली खारी घोळ होणाऱ्या सुनेच्या घरी जाते. ती जाते म्हणजे, आमच्या चुलीवरचं तुमच्या चुलीवर आलं. गेल्या आठवड्यात साखरबाईने स्वतः केळीच्या पानात बांधून मनीषकडून पोचवली होती.

"मोठी टोपली दिली," पुष्पलता म्हणाली. "फोन लावूया नको. आदी मला इचार करू दे."

"आई, इचार काय करायचा?" उत्कर्षा म्हणाली. "आत्ता चुलीवर असंल कदाचित."

"तू गप. तुज्या पिंपानं केलाय सगळा. इतक्या दिवसांत पोराचा कुटं जमत नव्हता. दर्यावर जानारा म्हनून तीन ठिकानी नकार आला. आता जमला, आन तू सांगनार, आमी तुमाला विष दिला?"

"मग काय सांगायचं?"

पुष्पलतेने ओठ ओले केले. "सांगू, मीठ कमी पडला. माल नासला. खाऊ नका, टाकून द्या. खोटा काय हाय त्यात? टाकलं म्हनजे झाला ना."

भगवंताने मान हलवली. ती हो म्हणून हलली, की नाही म्हणून, हे उत्कर्षेला कळलं नाही. मग तो म्हणाला, "ता बराबर. आन हा पिंप आत्ताच्या आत्ता इतून हलवूया. चारला ती मागं हात धुवायला आली तर वास येल. ओहोटी लागलीय. मी आन अक्षयराव उचलतो, धक्क्याच्या कडेला खाडीत..."

तो मध्येच गप्प झाला.

कोणी त्याला काही म्हटलं नव्हतं. अक्षय खाली बघत होता. उत्कर्षा बापाकडे बघत होती, पण तिच्या नजरेत टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. किनाऱ्याला कंपन्यांचं रंगीत पाणी यायचं, मासे उताणे पडायचे, तेव्हा पालघरला कचेरीच्या दारात उन्हात बसणाऱ्यांत भगवंत पहिल्या रांगेत होता. आमच्या खाडीत ओतणारे तुम्ही कोण, हे त्याने इतक्यांदा ओरडून विचारलं होतं की त्याचा घसा कायमचा बसला. त्याच बसक्या आवाजात तो आत्ता बोलला होता, आणि तो आवाज त्याने स्वतःच ऐकला.

तो खाली बसला. सदऱ्याची बटणं काढू लागला, मग परत लावू लागला.

"पुरूया," तो म्हणाला.

"कुटं?" पुष्पलता म्हणाली. "मागं विहीर हाय."

"वाडीत."

"कुत्री उकरतील."

"मग कचऱ्याच्या गाडीत."

"गाडी कुटं ओतते?" उत्कर्षेने विचारलं. ते सगळ्यांना माहीत होतं. गाडी गावाबाहेर खाजणाच्या दलदलीच्या कडेला ओतते, आणि भरतीला ते पाणी परत खाडीत येतं.

"माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत," अक्षय म्हणाला. "असला माल जाळायला पाठवतात ती गाडी आमच्याकडे येते. मी हातापाया पडेन, ओरडा खाईन. पण पिंप आहे तसं, झाकण लावून न्यायला हवं. एक थेंबही सांडायचा नाही. आणि आत जे आहे ते सगळं परत यायला हवं. मुरब्याचंसुद्धा."

"मुरब्याचा ते टाकतील म्हनाले ना मी," पुष्पलता म्हणाली.

"नाय टाकनार," साखरबाई बोलली.

एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती. सगळे तिच्याकडे वळले.

* * *

साखरबाईला कोणाचा राग आला नव्हता. नातीचा नाही, जावयाचा नाही. तिला फक्त एकच गोष्ट दिसत होती, मुरब्याचं ते स्वयंपाकघर आणि त्यात कमरेला पदर खोचून उभी असलेली रूपलची आई. ती बाई कशी वागेल ते साखरबाईला ठाऊक होतं, कारण ती स्वतः तसंच वागली असती.

"पुष्पे, तुज्या घरात मावरा नासला तर तू काय करतेस?" तिने सुनेला विचारलं.

"काय करते म्हनजे?"

"टाकतेस?"

"नाय टाकत," पुष्पलता पुटपुटली.

"धुतेस, सुकवतेस. लय वास मारला तर कुटून कोंबड्यांना घालतेस. त्याच्या पलीकडं गेला तर माडाच्या मुळात. आमच्यात कोनी मावरा टाकलाय काय कदी? मुरब्याची बाय तुज्यापेक्षा जास्त राखनारी हाय. तिला सांग, मीठ कमी हाय. ती मीठ लावील. तिला सांग, नासलाय. ती कोंबड्यांना घालील, आन त्यांची अंडी नातवंडांना. खोटा सांगितलास तर ता घराच्या भाईर जानारच नाय. टाकायला लावायचा तर खराच सांगायला लागल."

"आये, सोयरीक तुटंल," भगवंत म्हणाला.

"तुटंल."

"इतक्या सोप्या तोंडानं बोलतेस?"

"मी कवा म्हनाले सोपा हाय?" तिने पहिल्यांदा मान वर केली. "नारळाच्या करवंट्यासुदा मी फेकल्या नाय जल्मात. एक पिंप उबा होता, तो भरला. मना काय म्हाईत, पिंपाच्या पोटात आदी कोन राहून गेलाय."

पुष्पलतेचे डोळे भरले. सासूवर चिडावं असं तिला वाटत होतं आणि चिडता येत नव्हतं. खोटं पचलं असतं तर ती ते बोलली असती आणि रात्री झोपली असती. पण कोंबड्यांचं ऐकल्यावर तिच्या डोळ्यांपुढे रूपलच्या भावाची लहान पोरगी आली. साखरपुड्याला पुष्पलतेच्याच मांडीवर बसून त्या पोरीने लाडू खाल्ला होता.

पुढच्या दारात बर्फाची पेटी आपटल्याचा आवाज झाला. मनीष आला होता. पाहुण्यांसाठी सरबताला बर्फ आणायला तो गेला होता. सगळी माणसं अशी एका खोलीत गोळा झालेली पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"काय झाला? कोन गेला?"

उत्कर्षेने त्याला थोडक्यात सांगितलं. तो ऐकत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत पुष्पलतेला होईना. ती बर्फाच्या पेटीकडे बघत राहिली. पेटीच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं.

"तिची आय-बा निगाले असतील," मनीष म्हणाला. "होडीत रेंज नसते. पन रूपल घरी हाय."

"पोरा, ईचार कर," भगवंत म्हणाला. "ही तुजी गोष्ट हाय."

"म्हनूनच." त्याने फोन काढला. मग हात थांबला. "आजी, मी काय बोलू?"

"तू नको बोलू. लाव, आन माज्या हातात दे. मी बांदून दिलंय, मी सांगनार."

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा त्याने लावला. तिकडे बराच वेळ वाजत राहिला. पुष्पलतेने मनातल्या मनात देवीला हाक मारली, पण काय मागावं हे तिला सुचेना. उचलू दे, की नको उचलू दे.

"हां, बोल," रूपलचा आवाज आला. लाडाचा, हळू.

"मी साखरबाय बोलतय."

"अगो बय. आजी? बोला, आजी." आवाज लगेच सरळ झाला.

"घोळ दिलीती ती खाल्लीव?"

"नाय अजून. आयनं चुलीवर टांगून ठेवलीय. आज तुमच्याकडून आल्यावर करू म्हनाली. थोडी तेवडी आत्येला दिलीय."

"ऐक बाय माजी. ती खाऊ नका. कोंबड्यांना नको, झाडाला नको, कुत्र्याला नको. ज्या पिंपात मी खारवली तो कंपनीचा निगाला. आत औषद होता का विष, कोनाला ठाव नाय. मना म्हाईत नवता, पन हात माजाच. आत्येकडची पन परत आन. एकत्र बांदून ठेव. आमचा मनीष येऊन घेऊन जाईल. चुलीवरची दोरी पन दे."

पलीकडे भांड्यावरचं झाकण सरकवल्यासारखं काहीतरी वाजलं, आणि पावलं. भगवंताने डोळे मिटले होते. मनीष भिंतीला धरून उभा होता.

"उतरवली," रूपल म्हणाली. धावल्यासारखा श्वास लागला होता तिला. "आत्येकडं आत्ता जाते. शेजारीच हाय. आजी..."

"बोल."

"तुमच्यात कोनी खाल्ला काय?"

इतका वेळ ही सगळी माणसं पिंपाचं काय करायचं, खोटं काय बोलायचं, तारीख मोडेल की राहील, हेच बोलत होती. अक्षयने पडवीत एकदा विचारलं होतं, पण पुष्पलता मध्ये आली आणि प्रश्न तिथंच राहून गेला.

"घरात नाय शिजवली," साखरबाई म्हणाली. "पयली सुनेच्या घरी शिजते, मंग आमी खातो."

"मंग बरा. आन तुमी?"

"मी खार चाखते. मीठ बगायला."

"कदी?"

"सकाळी. रोजच चाखायला लागतो."

"आजी, तुमी आदी डाक्टरकडं जा," रूपल म्हणाली. "बाकीचा नंतर." तिने मनीषला विचारलं नाही, निरोप घेतला नाही. फोन ठेवला आणि बहुतेक आत्येच्या घराकडे धावत सुटली.

* * *

"जिभेला काय वाटतंय का आजी? पोटात?" अक्षय तिच्यापुढे उकिडवा बसला होता.

"काय नाय वाटत. तोंड कोरडा पडतो जरा. म्हातारपन हाय."

"कधीपासून?"

"तुमी पोरं लय ईचारता."

"आये, ऊठ," भगवंत उठत म्हणाला. "पालघरला चल."

"पावनी येनार आन मी घरात नाय? काय म्हनतील?"

"जे म्हनायचा ते म्हनतील," पुष्पलता बोलली. तिने पुढे होऊन सासूच्या काखेत हात घातला. म्हातारी कशी हलकी झाली आहे, ते तिच्या हाताला कळलं. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, पण हिला कधी असं उचलायची वेळ आली नव्हती. "उत्कर्षा, हिची लुगड्याची पिशवी घे. अक्षयराव, रिक्षा आना. डाक्टरला सगळा खरा सांगा. पिंपाचा पन."

"पिंपाचा वरचा थोडा खार बाटलीत भरून नेतो," अक्षय म्हणाला. "त्यांना तपासायला लागेल." तो पडवीकडे धावला.

"हात लावू नका उगडा," ती मागून म्हणाली.

रिक्षा आली. उत्कर्षेने आजीला मधोमध बसवलं, अक्षय पुढे बसला. साखरबाईने रिक्षातून मान बाहेर काढली आणि भगवंताला म्हणाली, "पिंप खाडीत ओतशील तर बग."

"नाय गो आये. नाय."

रिक्षा वळली. मनीष होडीच्या धक्क्याकडे निघाला, मुरब्याची टोपली आणायला. भगवंत मागे जाऊन पिंपाशी स्टूल टाकून बसला, जणू ते कोणी पळवून नेणार होतं.

पुष्पलता एकटी ओट्यावर उभी राहिली. ग्लास मांडून ठेवले होते. सरबत केलं नव्हतं. आत जाऊन साखर विरघळवावी की नाही, हे तिला ठरवता येईना. मनीषला वाटेत ती भेटतील, तो सांगेल का? त्याने सांगितलं तर बरं, असं तिला वाटलं. मग वाटलं, नको. त्याच्या तोंडून ऐकायला लागू नये.

गल्लीच्या टोकाला माणसं दिसली. रूपलचा बाप पुढे, हातात मिठाईचा पुडा. मागे तिची आई आणि ती आत्या. पायऱ्यांशी येऊन आत्येने ओट्याकडे पाहिलं, स्टीलच्या ग्लासांकडे पाहिलं, आणि हसून म्हणाली, "काय विहीणबाय, एकट्याच? बाकीचा कुटुंब कुटं लपवला?"

रूपलची आई चप्पल काढायला वाकली.

"थांबा," पुष्पलता म्हणाली. तिने रूपलच्या आईचा दंड धरला. "चप्पल काढू नका इतक्यात. आत याल की नाय, ता माजा ऐकून ठरवा."